पूड, ज्योत आणि पावसाळा : धातूलेपांच्या पुस्तकाची प्रस्तावना

ऑफ सीझन जवळ आला की साखर कारखान्यांच्या निविदांमध्ये एक ओळ हमखास दिसते : ‘टंगस्टन कार्बाईड कोटिंग, जाडी ३०० मायक्रॉन, कडकपणा किमान १००० एचव्ही.’ त्याखाली नग, दर, जीएसटी आणि माल पोचवायची तारीख. पावडर कोणती हवी ते या ओळीवरून कळते, लेप किती जाड हवा तेही कळते. तो चढवायचा कसा, याबद्दल मात्र चकार शब्द नसतो. ज्योत किती गरम, पावडर फवारणारी गन जॉबपासून, म्हणजे लेप द्यायच्या भागापासून, किती लांब, पावडर मिनिटाला किती ग्रॅम, फवारणीआधी जॉब किती वेळ उघडा पडून होता, त्या दिवशी हवेत ओल किती होती, हे कोणी विचारत नाही. काम सर्वांत कमी दराला जाते. एकाच बॅचच्या डब्यातली पावडर घेऊन दोन वर्कशॉपनी दिलेल्या लेपांपैकी एक दोन हंगाम निघतो आणि दुसरा संक्रांतीच्या आत पापुद्रे सोडतो. मग चर्चा होते ती पावडरीची. मागच्या वर्षीची चांगली होती, या वर्षी माल हलका आला, वगैरे. पावडर बहुतेक वेळा तीच असते.

माझे म्हणणे एवढेच आहे आणि पुढची सगळी प्रकरणे त्याचाच विस्तार आहेत : लेप घडतो तो गनच्या तोंडापासून जॉबपर्यंतच्या वीत-दीड वीत अंतरात. त्या अंतरात काय घडावे हे ठरवणाऱ्या गोष्टी मोजता येतात, लिहून ठेवता येतात आणि म्हणूनच निविदेत मागताही येतात.

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके समोर ठेवून हे लिहिले, त्याला कारण आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा निघाला आणि १८८५ च्या सुमारास त्याला पाणी आले. पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात ऊस उभा राहिला तो त्या पाण्यावर. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगाने साखर कारखाना काढला. त्याभोवती वालचंदनगर वसले आणि काही काळाने साखर कारखान्यांना लागणारी यंत्रेच तिथे बनू लागली. त्याच गावच्या वालचंदनगर इंडस्ट्रीजने पुढे इस्रोच्या प्रक्षेपकांची मोटर केसिंग आणि अणुवीज केंद्रांचे भाग घडवले. सहकारी कारखान्यांपैकी माळेगाव आणि सोमेश्वर बारामती तालुक्यात. भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा इंदापूर तालुक्यात. शेटफळगढ्याला खासगी बारामती अ‍ॅग्रो. बारामतीच्या एमआयडीसीत सीमलेस ट्यूब निघतात, फोर्जिंग होते, तीनचाकी गाड्या बनतात. म्हणजे झिजणारे यंत्र, ते घडवणारा, ते दुरुस्त करणारा आणि त्याचे शास्त्र शिकणारा विद्यार्थी, सगळे तास-दीड तासाच्या अंतरात आहेत. तरी त्यांचे आपसात बोलणे फार कमी. कॉलेजच्या प्रकल्पात टर्बाईनच्या पात्यांवरचे लेप असतात आणि कॉलेजच्या कुंपणाबाहेरून ज्या उसाच्या गाड्या जातात, त्यांनी झिजवलेल्या लोखंडाकडे लक्ष नसते.

झीज घडवणारा पदार्थ कोणता? माती, नेमके सांगायचे तर तिच्यातली वाळू. ऊस गव्हाणीत पडतो तो बुडख्याला चिकटलेल्या मातीसकट. यंत्राने तोडलेल्या उसात माती आणि पाचट आणखी जास्त. शिवाय उसाच्या स्वतःच्या पेशींतही सिलिका साठलेली असते. चोथा म्हणजे बगॅस बॉयलरमध्ये जळला की ही सगळी सिलिका राखेत उरते आणि धुराबरोबर नळ्यांवर, धूर ओढणाऱ्या आयडी फॅनच्या पात्यांवर आदळत जाते. क्वार्ट्झचा कडकपणा विकर्स मोजणीत, म्हणजे निविदेतल्या एचव्हीत, साधारण १००० ते ११०० भरतो. मिलच्या रोलरचे बीड असते २०० च्या आसपास. झिजवणारा कण पृष्ठभागापेक्षा बराच कडक असेल तर तो खरवडत जातो, आणि पृष्ठभाग कणाच्या बरोबरीला किंवा पुढे गेला की झिजेचा वेग एकदम पडतो. निविदेतला हजाराचा आकडा तिथूनच आला. आकडा खोटा नाही. तो अपुरा कसा, ते पुढे येईल.

एका धातूवर दुसऱ्या धातूचा थर चढवणे आपल्याला नवे नाही. कल्हईवाला भांडे राखेने, वाळूने घासून घ्यायचा, भट्टीवर तापवायचा, नवसागराची पूड टाकून धुराच्या लोटात कथील फिरवायचा. घासणे कमी झाले, भांडे कमी तापले किंवा जास्त तापले, की कल्हई धरत नसे. पृष्ठभागाची तयारी, तापमान आणि वेळ हे तिन्ही त्याच्या हातात असत आणि कथिलाच्या प्रतीबद्दल तो फारसा बोलत नसे. यंत्राने धातू फवारण्याची कल्पना १९१० च्या आसपास झुरिकच्या मॅक्स उलरिक शूप यांनी प्रत्यक्षात आणली. मुलांनी झाडलेल्या छऱ्यांचे शिसे भिंतीवर चपटे होऊन चिकटलेले पाहून त्यांना ती सुचली, अशी कथा सांगतात. पुढे १९५० च्या दशकात प्लाझ्मा आणि डिटोनेशन गन आल्या. १९८० च्या दशकात एचव्हीओएफ, म्हणजे प्राणवायू आणि इंधन दाबाखाली जाळून स्वनातीत वेगाने सोडणारी गन, सर्वत्र पसरली. हैदराबादजवळच्या एआरसीआय या केंद्राने डिटोनेशन स्प्रे आपल्याकडच्या उद्योगांपर्यंत नेला. इतिहास इतकाच पुरे. त्यावर वेगळी पुस्तके आहेत.

आता त्या वीत-दीड वीत अंतराकडे येऊ. गनच्या तोंडातून सुटलेला कण ३०० मिलिमीटर अंतर सेकंदाला ६०० मीटर वेगाने तोडतो, असे धरा. त्याला लागतो अर्धा मिलिसेकंद. एवढ्या वेळात त्याने तापायचे, बाहेरून मऊ व्हायचे किंवा वितळायचे, आणि तरीही जळायचे नाही. जॉबवर आपटला की काही मायक्रोसेकंदांत तो चपटा होतो आणि सेकंदाला दहा लाख अंशांच्या पातळीवरच्या वेगाने गार होतो. त्या चपट्या तुकड्याची जाडी सरासरी पाच मायक्रॉन धरली, तर ३०० मायक्रॉनच्या लेपात असे साठ तुकडे एकावर एक बसलेले असतात. लेपाचे सगळे गुण या तुकड्यांमधल्या सीमांवर ठरतात. तुकडे नीट मिसळून बसले का, मध्ये पोकळी राहिली का, ऑक्साईडची साय आली का, न वितळलेला गोळा अडकला का, हे सूक्ष्मदर्शकाखाली लेपाचा छेद पाहिला की दिसते. पावडर तीच राहूनही ही चारही उत्तरे बदलतात.

तापमान आणि वेग हे दोन मूळ लगाम. पहिल्या पिढीच्या ज्वाला-फवारणीत कण सेकंदाला शंभर मीटरही गाठत नाही, म्हणून तो पूर्ण वितळवावा लागतो, वाटेत त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि लेपात दहा टक्क्यांपर्यंत, कधी त्याहून जास्त पोकळी राहते. एचव्हीओएफमध्ये वेग इतका की कण अर्धवट मऊ असला तरी आपटण्याच्या जोरानेच दाबून बसतो. पोकळी एक टक्क्याच्या खाली आणता येते. आणता येते, असे मी मुद्दाम म्हणतो. गन भारी आहे म्हणून ती आपोआप येत नाही. प्राणवायू आणि इंधनाचे प्रमाण थोडे हलले, पावडरीचा ओघ वाढला, गन लांब गेली, की त्याच गनमधून सामान्य लेप निघतो.

टंगस्टन कार्बाईडचे उदाहरण विस्ताराने घ्यायला हवे, कारण निविदेतली ओळ त्याचीच असते आणि सर्वांत मोठी फसगतही तिथेच होते. या पावडरीत कार्बाईडचे बारीक कण कोबाल्टने बांधलेले असतात. कार्बाईड कडक, कोबाल्ट चिवट. दोघांची जोडी टिकाऊ. ज्योत गरजेपेक्षा गरम झाली, किंवा कण तिच्यात गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला, की कार्बाईडमधला काही कार्बन उडून जातो. उरते ते दुसऱ्याच जातीचे कार्बाईड, काही ठिकाणी नुसता टंगस्टन, आणि कोबाल्टमध्ये टंगस्टन व कार्बन विरघळून बांधणी काचेसारखी ठिसूळ होते. आता या लेपावर विकर्सचा हिरा टेकवा. आकडा कमी येत नाही. कित्येकदा जास्तच येतो, कारण नवे कार्बाईड आणि बिघडलेली बांधणी दोन्ही कडक असतात. लेप तपासणीत पहिल्या श्रेणीत पास होतो आणि यंत्रावर आठवड्याभरात टवके टाकतो. म्हणून कडकपणाचा एकटा आकडा मागणे म्हणजे चुकीच्या कामाला बक्षीस देणे आहे. उलट बाजूही आहे. ज्योत फार गार ठेवली तर कार्बाईड शाबूत राहते, पण कण एकमेकांना धरत नाहीत, निम्मी पावडर जॉबवरून उसळून जमिनीवर पडते आणि जो थर बसतो तो पोकळ असतो. या दोन कडांमध्ये एक पट्टा असतो. तो पट्टा प्रत्येक गनला, प्रत्येक इंधनाला वेगळा. केरोसीनच्या गनसाठी छापलेले आकडे एलपीजीच्या गनला लावले की पट्टा हुकतो, आणि असे प्रकार होतात, कारण पावडर विकणारा एकच तक्ता सगळ्यांना देतो.

उसाच्या कारखान्यात आणखी एक अडचण. उसाचा रस आम्लधर्मी असतो. त्याचा सामू पाच ते साडेपाचच्या दरम्यान. अशा रसात नुसत्या कोबाल्टची बांधणी हळूहळू विरघळते आणि कार्बाईडचे दाणे आधाराविना गळून पडतात. म्हणून रसाशी संबंध येणाऱ्या जागी बांधणीत क्रोमियम असलेली पावडर वापरतात, दहा टक्के कोबाल्ट आणि चार टक्के क्रोमियमची. पण लेपात आरपार पोकळी राहिली तर रस खालच्या पोलादापर्यंत पोचतो, गंज आतून वाढतो आणि वरचा महागडा थर फुगून उठतो. क्रोमियमचे पैसे पाण्यात. पोकळी मात्र क्रोमियमने ठरत नाही, फवारणीने ठरते.

पावडरीबद्दल काहीच बोलायचे नाही, असे नाही. डब्यावर ‘१५ ते ४५ मायक्रॉन’ लिहिलेले असते. व्यासाचा फरक तिप्पट, म्हणजे वजनाचा सत्तावीसपट. त्याच ज्योतीत पंधरा मायक्रॉनचा कण जळून जाईल आणि पंचेचाळीसचा आतून कच्चा राहील. एकाच डब्यात बारीक आणि जाड यांचे प्रमाण काय, हे सरासरी आकड्यात दडलेले असते. वायूच्या झोताने फोडलेल्या धातूची पूड गोल असते आणि नळीतून सुरळीत वाहते. पाण्याच्या झोताने फोडलेली वेडीवाकडी, स्वस्त आणि अडखळणारी. धातूच्या पुडीचा व्यवसाय आपल्याला परका नाही : अहिल्यानगरच्या एमआयडीसीत स्वीडनच्या होगानास कंपनीचा कारखाना आहे. तरीही पावडर घेताना कणांच्या आकाराचा आलेख मागणारा ग्राहक दुर्मीळ. गनच्या टाकीतली उरलेली पावडर परत डब्यात ओतण्याची सवय त्याहून घातक. वाहतुकीत आणि कंपनांत जाड कण वर येतात, बारीक खाली बसतात. डबा न हलवता अर्धा वापरला की दुसऱ्या अर्ध्याचा लेप वेगळा होतो.

आता पावसाळा. माझ्या मते या भागातल्या लेपांचा सर्वांत मोठा शत्रू हाच आणि त्याबद्दल इंग्रजी हँडबुकांत जेमतेम एखादा परिच्छेद असतो. साखर कारखाना ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मिल उघडतात, रोलर उतरतात, बॉयलरमध्ये माणसे शिरतात ती त्यानंतर. आणि दुरुस्तीच्या याद्या मंजूर होऊन जॉब वर्कशॉपमध्ये येईपर्यंत जून-जुलै उजाडतो. बॉयलरच्या अग्निप्रदीपनाची तारीख जाहीर झाली की सप्टेंबरात एकच घाई. म्हणजे ज्या कामाला कोरडी हवा हवी, ते काम कारखान्याचे वेळापत्रकच वर्षातल्या सर्वांत दमट महिन्यांत ढकलते. बारामती-इंदापुरात पाऊस कोकणासारखा नसतो, पण दमट, ढगाळ दिवस पुरेसे असतात.

या ओलीने नेमके काय होते ते पाहा. फवारण्याआधी जॉब अ‍ॅल्युमिनाच्या खड्याने ब्लास्ट करून खरखरीत करतात. ते ताजे, उघडे पोलाद हवेतली वाफ ओढायला तयारच असते. ब्लास्टिंग आणि फवारणी यांत कोरड्या दिवशी तीन-चार तास गेले तरी एकवेळ चालेल. दमट दिवशी तासाभरात पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी ऑक्साईडची साय धरते आणि लेप त्या सायीवर बसतो. जॉबचे तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर हवे, असा नियम आहे. हवा २६ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू २३ अंशांच्या थोडा वर येतो. रात्रभर शेडमध्ये पडलेला जड शाफ्ट सकाळी २४ अंशांवर असला, तर फरक एका अंशाचाही नाही. त्यात ज्योत जळताना स्वतःची वाफ सोडते, ती थंड जॉबवर पहिल्या हातातच दव बनून बसते. उपाय साधा : जॉब आधी शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत तापवून घ्यायचा, निळसर झाक येईल इतका मात्र नाही, कारण ती झाक म्हणजे ऑक्साईडच. कॉम्प्रेसरच्या हवेतले पाणी आणि तेल काढायचे. पावडर शंभर-सव्वाशे अंशांवर दोन तास भाजून, गरम असतानाच टाकीत भरायची. ओली पावडर गुठळ्या करते, ओघ धडधडत येतो आणि लेपात एक पट्टा जाड, एक पट्टा पातळ पडतो. आर्द्रतामापक काही शे रुपयांना मिळतो. तो भिंतीवर टांगलेला असावा आणि त्याचा आकडा जॉब कार्डावर लिहिलेला असावा, एवढी मागणी निविदेत घातली तरी निम्मे झगडे मिटतील.

कोनाचा प्रश्न बॉयलरच्या नळ्यांवर फार चांगला दिसतो. गन जॉबला काटकोनात धरली की लेप दाट बसतो. ती ४५ अंशांपेक्षा जास्त कलली की आधी बसलेल्या उंचवट्यांच्या आडोशाला पोकळ्या राहतात. सपाट पत्र्यावर काटकोन राखणे सोपे. नळी गोल. तिच्या शेंड्यावर गन काटकोनात असते, पण बाजूंवर तीच फवारणी तिरपी पडते आणि तिथला लेप विरळ होतो. राख मात्र नेमकी तिथेच खाते. पोलादासारखा चिवट धातू राखेच्या तिरप्या माऱ्याने, साधारण १५ ते ३० अंशांच्या कोनात, सर्वांत जास्त झिजतो. म्हणून झिजलेल्या नळीवर सपाट पट्टे पडतात ते समोर न पडता दोन्ही बाजूंना. ठिसूळ लेपाचे उलटे असते, तो समोरच्या माऱ्याने जास्त उडतो. म्हणजे शेंड्यावर लेपाला त्याचा सर्वांत वाईट मार बसतो आणि बाजूंवर लेपच कमजोर असतो. हे कळल्यावर फवारणीचा क्रम बदलतो : शेंडा एकदा, दोन्ही बाजू गन वळवून वेगळ्या. वेळ वाढतो, पावडर वाढते, दर वाढतो. ३०० मायक्रॉन जाडी शेंड्यावर मोजून बिल पास करणाऱ्या कारखान्याला यातले काही दिसत नाही.

नळ्यांसाठी टंगस्टन कार्बाईडही सरसकट योग्य नाही. साधारण ५०० अंशांपुढे ते हवेत टिकत नाही. सुपरहीटरच्या भागात क्रोमियम कार्बाईड आणि निकेल-क्रोमियमची ७५-२५ पावडर लागते, ती साडेआठशे अंशांपर्यंत तग धरते. रुरकीच्या संशोधकांनी पंजाबातल्या भटिंड्याच्या औष्णिक केंद्रात लेप दिलेले नमुने चालू बॉयलरमध्ये ठेवून, शंभर-शंभर तासांच्या फेऱ्यांनी त्यांची झीज मोजली. ते कोळशाचे बॉयलर होते. बगॅसच्या राखेत पोटॅशियम जास्त, धूर ओला आणि बॉयलर वर्षातले काही महिने थंड पडलेला. ते निष्कर्ष जसेच्या तसे इकडे आणता येणार नाहीत, पण पद्धत आणता येईल. एखाद्या कारखान्याने हंगामाच्या सुरुवातीला सात-आठ नमुने इकॉनॉमायझरजवळ टांगू दिले, तर एप्रिलमध्ये हाती येईल ते परदेशी तक्त्यांपेक्षा जास्त उपयोगाचे असेल. राखेच्या वेगाचाही विचार हवा : झीज वेगाच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग दुप्पट झाला की झीज आठपटीच्या आसपास. आयडी फॅन गरजेपेक्षा जोरात चालवणाऱ्या कारखान्याने लेपाला दोष देण्यापूर्वी डॅम्परकडे पाहावे.

निकेल, क्रोमियम, बोरॉन, सिलिकॉनच्या पावडरी वेगळ्या घराण्याच्या. पंपांच्या स्लीव्हवर त्या फवारतात आणि मग टॉर्चने हजार-साडेदहाशे अंशांपर्यंत नेऊन वितळवतात. बोरॉन आणि सिलिकॉन ऑक्साईड ओढून घेतात, काचेसारखी मळी वर येते आणि योग्य क्षणी पृष्ठभाग ओल्या आरशासारखा चमकतो. अनुभवी वेल्डर ती चमक ओळखतो आणि टॉर्च पुढे सरकवतो. थोडे आधी थांबला तर पोकळी राहते. थोडे जास्त थांबला तर लेप ओघळतो. नंतर जॉब चुन्यात किंवा कोरड्या राखेत पुरून रात्रभर सावकाश गार करतात, कारण लेप आणि पोलाद वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. हे काम मीटरपेक्षा नजरेने जास्त चांगले होते आणि ती नजर कागदावर उतरवणे मला नीट जमलेले नाही. छायाचित्रे दिली आहेत, पण ती चमक छापून येत नाही.

लेझर क्लॅडिंगचे प्रकरण लहान आहे. पद्धत उत्तम, लेप मूळ धातूशी वितळून एकजीव होतो. पण शक्ती जास्त आणि सरकण्याचा वेग कमी ठेवला की खालचे लोखंड लेपात मिसळते आणि महागडी मिश्रधातू पातळ होते. मिसळ पाच-दहा टक्क्यांत राखणे हे त्यातले सगळे कौशल्य. कोल्ड स्प्रेबद्दल एक पान आहे, त्याहून जास्त इथल्या कामाला लागत नाही.

फवारणी कुठे करू नये हेही सांगितले आहे. ऊस फोडणाऱ्या फायब्रायझरचे हातोडे मिनिटाला साडेसातशे ते हजार फेऱ्यांनी फिरतात आणि उसाबरोबर आलेला दगड, कोयत्याचे पाते, ट्रॉलीचा बोल्ट असे काहीही खातात. अर्ध्या मिलिमीटरचा फवारलेला लेप तिथे एका धक्क्यात उडतो. तिथे वेल्डिंगचा जाड थर हवा. मिलच्या रोलरचे दात तर मुद्दाम खरखरीत ठेवायचे असतात, नाहीतर ऊस घसरतो. रोलर मिनिटाला चार-पाच फेऱ्यांच्या संथ गतीने फिरत असताना, गळीत चालू असतानाच, वेल्डर त्यावर इलेक्ट्रोडचे थेंब टाकत जातो. या आर्किंगला गुळगुळीत, देखणा लेप हा पर्याय नाही. रोलर शाफ्टच्या जर्नलवर मात्र फवारणीचा विचार होऊ शकतो, पण ब्लास्टिंगने पडलेल्या खाचांपासून तडा सुरू होऊ शकतो. वारंवार वाकणाऱ्या शाफ्टचा हिशेब आधी करावा. या निर्णयांत मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेचा सल्ला घ्यायला कारखान्यांनी लाजू नये.

तपासणीचे प्रकरण मी बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानच्या आणि इंदापूरजवळ वनगळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून लिहिले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही म्हणून अडून बसायचे कारण नाही. साधा धातुशास्त्रीय सूक्ष्मदर्शक, सूक्ष्म-कडकपणा मोजणारे यंत्र आणि नीट घासलेला छेद एवढ्यावर पुष्कळ कळते. छेद घासताना कार्बाईडचे दाणे उपटले गेले तर ते पोकळीसारखे दिसतात आणि चांगला लेप वाईट ठरतो. उलट मऊ धातू पॉलिशमध्ये पसरून खरी पोकळी झाकतो. चिकटपणा मोजण्याच्या प्रमाणित चाचणीत लेपावर दुसरा तुकडा एपॉक्सीने चिकटवून ओढतात. गोंद साधारण ७० मेगापास्कलच्या आसपास सुटतो. एचव्हीओएफचा चांगला लेप त्याच्याही पुढे असतो, म्हणून अहवालातला ‘७०’ हा बहुधा गोंदाचा आकडा असतो, लेपाचा नसतो. जॉबबरोबर त्याच पोलादाची एक पट्टी त्याच गनखाली, त्याच हाताने फवारून घ्यावी आणि ती कापून पाहावी. जॉब कापता येत नाही, पट्टी कापता येते. निविदेच्या नमुना-मसुद्यात ही अट मी पहिली घातली आहे. त्यानंतर इंधन-प्राणवायूचे प्रमाण, अंतर, पावडरीचा ओघ, दर हाताची जाडी, ब्लास्टिंगची वेळ आणि आर्द्रता.

वर्कशॉपवाल्यांची बाजूही मांडायला हवी. त्यांना दर मिळतो तो चौरस इंचावर, मुदत मिळते आठवड्याची आणि पैसे येतात हंगाम निघाल्यावर. अशा व्यवहारात कोणी पावडर भाजत बसावे, जॉब दोनदा तापवावा, नमुना-पट्टीवर पावडर खर्चावी, ही अपेक्षा फुकट ठेवता येत नाही. मसुद्यात या कामांसाठी वेगळा दर सुचवला आहे आणि जॉब मेमध्येच पाठवण्याची विनंती आहे. ती कितपत मानली जाईल याबद्दल मी फार आशावादी नाही. संचालक मंडळाची बैठक आणि मोसमी वारे यांच्या तारखा जुळवणे कठीण.

शेवटचे प्रकरण गन धरणाऱ्या माणसाबद्दल आहे. एचव्हीओएफचा आवाज १२० डेसिबलच्या पुढे जातो आणि कानात कापूस घालून तो थांबत नाही. हवेत उडणाऱ्या पुडीत कोबाल्ट आणि निकेल असते, क्रोमियमच्या धुरात त्याचे सर्वांत विषारी रूपही असू शकते. फुप्फुसांवर याचे परिणाम काही वर्षांनी दिसतात, तेव्हा माणूस बहुधा दुसऱ्याच वर्कशॉपमध्ये असतो. नाकातोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवत नाही. कोणता मास्क अडवतो, त्याचा फिल्टर कधी बदलायचा, बूथमधली हवा कोणत्या बाजूने ओढायची आणि जमिनीवर पडलेली पावडर झाडूने न झाडता कशी गोळा करायची, हे तिथे आकृत्यांसह दिले आहे.